न तुटलेली पिन

चाँदभाई, परवा सकाळी नदीकाठच्या रानात सोसायटीचा ट्रॅक्टर उभा होता. नव्या ड्रायव्हरने इंजिन भर रेसवर असताना झुडपं तोडायचा कटर जोडला. खाड्कन जो आवाज झाला तो माझ्या भट्टीपर्यंत आला. मी हातातला घण खाली ठेवला. तुम्ही असतात तर दात आंबल्यासारखं तोंड केलं असतं आणि त्याच्या सात पिढ्या हळू आवाजात उद्धरल्या असत्या. शिव्यासुद्धा तुम्ही क्लच सोडावा तशा सावकाश द्यायचात. सवयीने मी भट्टीपुढच्या तुमच्या ओट्याकडे वळून बघितलं. तसं पाहिलं तर गेली सात वर्षं तुम्ही त्या ओट्यावर बसतच नव्हता. पण दौंडला आहात, एस.टी.त बसलं की भेटाल, एवढा धीर होता. आता पंधरा दिवस झाले, तोही नाही.

माझी शाळा सातवी फायनलपर्यंत. गावाची पत्रं मीच लिहितो, तुमचीही लिहिली आहेत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून जे सांगायचं ते तोंडानेच सांगायला हवं होतं, आणि तेच मला सात वर्षांत जमलं नाही. आता तुमच्या वाचण्याचा प्रश्न मिटला, तर मी कागद घेऊन बसलोय. लोहाराची अक्कल उशिरा तापते, असं तुम्ही म्हणायचात, ते काही खोटं नाही.

पानशेत फुटलं त्या पुरात आपल्या भीमेकाठच्या रानाची दैना झाली. हातभर गाळ, त्यावर वर्षभरात तरवड, घाणेरी आणि बाभळीचा दाट झाडोरा. बैलाने तिथं पाय ठेवला नसता. सोसायटीकडे ट्रॅक्टर होता, त्याला जोडायला मग हा कटर आणला. लोखंडी पलंगासारखं धूड, खाली फिरणारी दोन जाड पाती, ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालणारी. झुडूप असो की गवत, वरून गेलं की भुसा. तो चालवायला माणूस मिळेना, तेव्हा कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. दौंडच्या लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनांशी जन्म काढलेला, गाडी धक्क्याविना कशी हलवावी हे पायात भिनलेला माणूस. भाभींना घेऊन तुम्ही आपल्या गावात आलात, मशिदीमागची खोली घेतलीत, आणि पहिल्याच दिवशी माझ्या भट्टीवर येऊन कटरची पाती धार लावायला टाकलीत. दोन्ही पाती तराजूत घालून वजन सारखं करून दे म्हणालात. मला वाटलं, आला एक शहाणा.

पण तुम्ही कटर जोडायचात तेव्हा मी मुद्दाम काम सोडून बघायला यायचो. इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचात. कटर झुडपांपासून लांब, मोकळ्या जागी, गवताच्या वर अधांतरी. क्लच दाबून शाफ्टची दांडी टाकायचात, आणि मग पाय असा उचलायचात की तुम्ही तो उचलताय हे बाजूला उभ्या माणसालाही कळू नये. पाती आधी जराशी डुलायची. मग आळस दिल्यासारखी एक फेरी घ्यायची. मग दिसेनाशी व्हायची, आणि नुसता घूं आवाज. त्यानंतर रेस. त्यानंतर कुठे कटर खाली. बंद करतानाही तसंच, आधी रेस उतरवायची, पाती दमू द्यायची, मगच दांडी काढायची. सोसायटीचे चेअरमन आप्पा बांधावर छत्री घेऊन उभे असायचे, त्यांना ही सगळी वेळेची नासाडी वाटायची. ते तसं बोलूनही दाखवायचे. तुम्ही हसून मान हलवायचात आणि पुढच्या वेळी तेवढाच वेळ लावायचात.

एकदा मला सीटवर बसवलंत. घण मारणाऱ्या पायाला क्लच कळायचा नाही असं मीच म्हणालो होतो, म्हणून. तीनदा मी हिसका दिला, तीनदा तुम्ही दांडी काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलंत. चौथ्यांदा जमलं. मला इतका आनंद झाला की मी पुढं ओढ्याकडे चाललोय हेच विसरलो. ओढा दिसला तसा क्लच दाबला, पण ट्रॅक्टर थांबेना. भरधाव पाती मागून ढकलतच होती. तुम्ही मडगार्डवरून वाकून दांडी ओढलीत, पुढचं चाक काठावर थांबलं. मी घामाने भिजलो होतो. तुम्ही एवढंच म्हणालात की फिरत्या वजनाला बैलासारखं नुसतं ‘होऽ होऽ’ म्हणून भागत नाही, त्याला थांबायचं आधी सांगून ठेवावं लागतं. ही गोष्ट तुम्ही गावात कुणालाच सांगितली नाहीत. माझी फजिती झाकायची सवय तुम्हाला तेव्हापासूनची.

आता पिनेचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. शाफ्ट आणि कटरची गिअरबॉक्स यांच्या मध्ये करंगळीएवढी एक पिन असायची. पाती बुंध्याला किंवा दगडाला अडकली की पिन तुटायची, पाती थांबायची, आणि आतले महागडे दाते वाचायचे. पुण्याहून आलेल्या पिना महिन्याभरात संपल्या, कारण पुराच्या गाळाखाली जुन्या बाभळींचे बुंधे गाडले गेले होते आणि ते वरून दिसायचे नाहीत. मग तुम्ही माझ्याकडे आलात. नरम लोखंडाच्या बनव म्हणालात, पाणी पाजू नकोस, तापल्यावर पाण्यात बुडवून टणक करू नकोस.

तिथून आपलं भांडण लागलं. माझ्या घरात तीन पिढ्या लोहारकी. विळा मोडून परत आला की माझा बाप त्या दिवशी जेवायचा नाही. आणि तुम्ही मला मोडण्यासाठी वस्तू बनवायला सांगत होतात. मी म्हणालो, जी वस्तू मोडते तिच्यावर लोहाराचं नाव कशाला? तुम्ही ओट्यावर बसून विडी पेटवलीत. "इष्णू, ती पिन तुटली म्हंजी तुजं काम झालं. न्हाई तुटली तवा तुजं काम बिघडलं."

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर कळलंच नाही. हा वाद आपण संध्याकाळी किती वेळा घातला असेल. माझा बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला, ऐरणीकडे तोंड करून पडलेला असायचा. त्याच्या उशाशी बसून तुम्ही त्यालाही विचारायचात, काय बाबा, तुमचं काय मत? बाप तुमच्याकडे बघून नुसता हसायचा. बोलायची ताकद नव्हती त्याला. पण बाजू माझी होती, हे मला ठाऊक होतं.

आठवड्यात दोन-तीन पिना तुटत. प्रत्येक वेळी काम थांबायचं आणि माणूस माझ्या भट्टीवर धावत यायचा. मग गावाची जीभ सुटली. पारावर आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, इष्णू, पिनांत गूळ घालतोस व्हय रं? सगळे हसले. आप्पांनी वर असंही म्हटलं की बाप असता उभा तर अशा पिना भट्टीतनं बाहेर पडल्या नसत्या. ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. बापाच्या कानावर ते गेलं असेल का, एवढाच विचार रात्रभर करत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पहारीचा तुकडा कापला. तापवला, ओढला, गोल केला, कानशीने मापात आणला. आणि त्याला पाणी पाजलं. चांगलं, कुऱ्हाडीला पाजावं तसं. पिनेच्या अंगावर निळसर झाक आली तेव्हा मला बरं वाटलं. आता हिला तोडून दाखवा म्हणावं. दुपारी रानात गेलो. पिन पुन्हा तुटली होती आणि तुम्ही लिंबाखाली भाकरी खात होतात. मी म्हणालो, तुम्ही निवांत जेवा, मीच बसवतो. तुम्ही मला कांदा देऊ केलात. मी नको म्हणालो.

जेवून तुम्ही उठलात. नेहमीसारखा कटर जोडलात, पाती डुलली, फिरली, दिसेनाशी झाली. त्या दिवशीसुद्धा तुमच्या पायात काही खोट नव्हती, हे बघणारा मी आहे. वीस-पंचवीस पावलं गेला असाल. गाळाखालचा बुंधा लागला. एरवी टक् व्हायचं आणि पिन जायची. त्या दिवशी सगळा ट्रॅक्टर मागून हिसडला, आणि जो आवाज झाला तसा आवाज मी भट्टीतही कधी ऐकला नाही. गिअरबॉक्सचं कवच तडकलं होतं. काळं तेल गाळावर सांडलं आणि त्यात तुटलेले दाते चमकत होते.

तुम्ही खाली उतरलात. वाकलात. पिन हातोडीने ठोकून बाहेर काढलीत, तळहातावर घेतलीत, आणि अंगठ्याने तिच्यावरचं तेल पुसलंत. निळसर झाक दिसली असणार. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. आप्पा छत्री टाकून धावत येत होते. ते पोचायच्या आत पिन तुमच्या खिशात गेली होती.

काय झालं, आप्पांनी विचारलं.

"माजा पाय घसरला, आप्पा. क्लच झटक्यानं सुटला."

मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. आप्पा तुम्हाला लागट बोलत होते, चार माणसं जमली होती, आणि ज्या माणसाने आयुष्यात एकदाही गाडी हिसका देऊन हलवली नाही तो माझ्यासमोर मान खाली घालून पाय घसरला म्हणून सांगत होता. मी तोंड उघडलं नाही. त्या वेळी भीती वाटली, हे खरं. पण भीतीबरोबर सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते सांगायला मला जास्त लाज वाटते.

महिनाअखेर सोसायटीने तुम्हाला ट्रॅक्टरवरून काढलं. हिसका देणारा ड्रायव्हर, असा शिक्का बसला. तो शिक्का घेऊन तालुक्यात कुठल्या ट्रॅक्टरवर काम मिळणार? शिरूरला बघितलंत, वरवंडला बघितलंत, शेवटी दौंडला एका पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळायला लागलात. जायच्या आदल्या दिवशी माझ्या बापाच्या उशाशी अर्धा तास बसलात. त्याला काही कळू दिलं नाहीत. मला वाटतं, ते सगळं तुम्ही त्याच्यासाठीच केलंत. अंथरुणावर पडलेल्या म्हाताऱ्याला मुलाची लाज बघायला लागू नये म्हणून. की माझी निम्मी भाकरी सोसायटीच्या कामावर होती म्हणून? की मी तुमचा मित्र होतो, एवढंच पुरे झालं? विचारायचं राहून गेलं.

मी येत नव्हतो असं नाही. दर बाजाराला दौंडला यायचो, गिरणीच्या दारात उभा राहायचो. तुम्ही पांढरे होऊन बाहेर यायचात, भुवयांवर पीठ, खोकत. मी एस.टी.त बसल्यापासून वाक्य जुळवत यायचो. ‘चाँदभाई, त्या दिवशीची पिन’ एवढं म्हणायचं आणि पुढचं आपोआप येईल, असा हिशेब. पण मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बापाची तब्येत विचारायचात, नाहीतर पावसाचं काढायचात, नाहीतर भाभींची सुरी धार लावायला हातात द्यायचात. बाप गेल्यावर तरी बोलू द्याल असं वाटलं होतं. त्या दिवशी तुम्हीच सायकलवर खोकत आलात, खांदा दिलात, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून काही न बोलता निघून गेलात.

मला तुमचा राग येतो, चाँदभाई. एक शिवी द्यायची होती. पारावर उभं राहून या लोहाराने घात केला असं ओरडायचं होतं. मी पाय धरले असते, चार दिवस तोंड लपवलं असतं, आणि मग आपण पुन्हा ओट्यावर बसून भांडलो असतो. तुम्ही मला माफ केलंत की माझ्याशी बोलायचं टाळलंत, हेसुद्धा मला कळू दिलं नाहीत.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नांगराचा बोथट फाळ शेवटत, त्याला टोक काढत होतो. तसाच टाकून आलो. कबरस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती घातली. माझ्या तळहाताच्या भेगांतून ती माती दोन दिवस गेली नाही.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, कबरीवर दुवा मागायला, आलो. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांना जास्तच भरून आलं. त्या बोलत राहिल्या. एका घसरलेल्या पायापायी गावातलं घर सुटलं, मोकळ्या रानातला माणूस पिठाच्या धुरळ्यात येऊन पडला, छाती गेली. म्हणाल्या, लोकांस्नी शिकवायचे, आन् सोताच्या पायाला आवरता आलं न्हाई. सात वर्षं रोज सुनावलं असेल मी त्यांना, असंही म्हणाल्या. मी ऐकत राहिलो. तेव्हा मला कळलं की तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतंत. स्वतःच्या बायकोपुढेही तुम्ही पाय घसरलेला माणूस म्हणून सात वर्षं जगलात.

गावात परत आलो आणि सोसायटीच्या बैठकीत गेलो. तीच माणसं, फक्त केस पिकलेली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पहार, पाणी, निळी झाक, तुमचा खिसा. पाय घसरला नव्हता, पिन माझी होती, असं दोनदा म्हणालो.  मग आप्पांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मेलेल्या दोस्ताचं नाव राखण्यासाठी दोष अंगावर घ्यायला मोठं मन लागतं, म्हणाले. दोघं-तिघं हो हो म्हणाले. मी शपथ घेतली तर त्यांना आणखीच गहिवरून आलं. पिन असती तर दाखवली असती. गावात आता मला मोठ्या मनाचा म्हणतात, चाँदभाई. मान वर करून चालवत नाही.

म्हणून काल पुन्हा दौंडला आलो. निदान एका माणसाला तरी खरं पटायला हवं होतं. भाभी दारात तांदूळ निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच बसलो आणि एका दमात बोललो. त्यांनी शपथ मागितली नाही. हात थांबला, एवढंच. म्हणाल्या की तसंच असणार, त्यांचा पाय असा सुटणारा नव्हताच, हे मला बायको म्हणून कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, आता मला शिव्या देतील, आणि मी त्यासाठीच बसलो होतो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मंग सात वर्सं मी त्यांना जे बोलले, ते आता कुठं नेऊन ठिवू, इष्णूभाऊ?"

 मी उठून एस.टी. स्टँडवर आलो. माझ्या जिवावरचं ओझं उतरवायला मी तिथं गेलो होतो, आणि ते त्यांच्या डोक्यावर ठेवून आलो. तुम्ही सात वर्षं त्यांच्यापासून जे लांब ठेवलंत ते मी एका दुपारी त्यांच्या पदरात टाकलं. खरं सांगून मी बरं केलं की तुमच्यानंतर तुमच्या घरात माझ्या हातून दुसरी वस्तू मोडली, हे मला कळत नाही. विचारावं असा माणूस मला एकच होता, आणि त्याला मी माझ्या हाताने माती देऊन आलोय.